साहेबांच्या दाढीचा साबण

४ फेब्रुवारी

बाईंना नमस्कार.

पाकिटावर मी माझं नाव मुद्दामच घातलेलं नाही. घातलं असतं तर आपण ते न फोडता केरात टाकलं असतं, आणि तसं करण्याचा आपल्याला पूर्ण हक्क आहे. फोन करायचा धीर झाला नाही. फोन मध्येच तोडता येतो. पत्र हातात आलं की माणूस निदान अर्धं तरी वाचतो.

मी ती गोदामाच्या ऑफिसातली टायपिस्ट. एवढ्यावरून ओळखलं असेल.

साहेबांना (तिथे सगळे त्यांना साहेबच म्हणत, मीही अजून तेच म्हणते) गेल्या वर्षी अर्धांगवायूचा झटका आला. उजवी बाजू गेली. बोलणं जड झालंय, राग मात्र शाबूत आहे. घरी येणाऱ्या न्हाव्याला ते इतकं टाकून बोलले की तो यायचा बंद झाला. आता दाढी मीच करते. बाजारातली सगळी क्रीमं आणून पाहिली. कुठलंही लावलं की गालांवर पुरळ उठतं. ते ब्रश ढकलून देतात आणि एकच शब्द म्हणतात, "घरचा."

"माझ्या आईच्या हातचा दाढीचा साबण" हे मी त्यांच्या तोंडून वर्षानुवर्षं ऐकत आले आहे. सासूबाई तर मी येण्याआधीच गेल्या. म्हणून वन्संना विचारलं. त्या हसल्याच. म्हणाल्या, आमच्या आईनं जन्मात कधी साबण केला नाही, तो वहिनीच्या माहेरचा, तिच्या वडिलांचं केस कापायचं दुकान होतं, धीर असला तर तिलाच विचार.

धीर नाही. तरी विचारते. साबण कसा करायचा ते कळवाल का? हे मी त्यांच्यासाठी मागत नाहीये असं लिहिणार होते, पण ते खोटं होईल.

आपली,
टायपिस्ट


१९ फेब्रुवारी

पत्र पूर्ण वाचलं. अर्ध्यावर टाकणाऱ्यांतली मी नाही, तो गुण तुझ्या साहेबांचा. वयानं लहान आहेस म्हणून अगं-तुगं करते. त्यात माया शोधू नकोस.

सासूबाईंनी कधी आंघोळीचं पाणीसुद्धा आपल्या हातानं तापवून घेतलं नाही. त्या साबण करणार म्हणे. नवरा गेला ते सगळ्या गावाला कळलं, पण माझ्या बापाचा साबणसुद्धा परस्पर त्याच्या आईच्या नावावर चढला, हे मला तुझ्याकडून कळायचं होतं.

तो साबण वडील दुकानाच्या मागच्या पडवीत शिजवायचे. वासाला कुणी उभं राहत नसे, मी राहायची, म्हणून मला येतो. लग्नानंतर मी तो एकाच माणसासाठी केला. तो गेल्यावर केला नाही. परत करायचा नाही, आणि कुणाला सांगायचाही नाही.

पुरळ उठत असेल तर दाढी वाढू दे. दाढीनं माणूस मरत नाही.


११ मार्च

बाईंना नमस्कार.

आपलं उत्तर आलं हेच मला खूप वाटलं. रागानं का होईना, आलं.

दाढी वाढवून पाहिली. तोंडाला एका बाजूनं लाळ येते. ती केसांत अडकते, कातडी भिजून लाल होते, मग ते ओरडतात. डॉक्टर म्हणाले, तोंड स्वच्छच ठेवा.

म्हणून मी आपल्या मनानंच खटाटोप केला. मोरी साफ करायचं काष्टिक आणलं, ऍल्युमिनिअमच्या कढईत खोबरेल गरम केलं आणि त्यात ते ओतलं. सगळं उसळून वर आलं. कढई काळी पडली. माझ्या मनगटावर दोन ठिकाणी उडालं, तिथे आता फोड आहेत. खाली जे उरलं ते मी वडीसारखं थापून ठेवलंय. पुढच्या आठवड्यात त्यांना लावून पाहीन म्हणते.

आपण काही सांगू नका. सहज कळवलं.

आपली,
टायपिस्ट


१७ मार्च

ती वडी आत्ताच्या आत्ता फेकून दे. फेकतानाही हाताला फडकं गुंडाळ.

मोरीचं काष्टिक, तेही गरम तेलात, तेही ऍल्युमिनिअमच्या कढईत. सहज कळवलं म्हणे. तू भोळी आहेस की पक्की आहेस ते मला ठरवता येत नाही. पण उद्या तुझा डोळा गेला तर मी सांगितलं नाही म्हणून गेला, असं व्हायला नको. मी औषधांच्या दुकानात नोकरी करते. दिवसभर लोकांना हेच सांगते, की अंदाजानं काही घेऊ नका.

नीट वाच. आधी चष्मा, हातमोजे, लांब बाह्या. खिडकी उघडी हवी. भांडं स्टीलचं. काष्टिक दोन जातींचं लागतं, पोटॅश जास्त आणि सोडा थोडा. नुसत्या सोड्याचा साबण दगड होतो, तो धुण्याला बरा. पोटॅशनं तो मऊ राहतो आणि फेस दाट येतो, गालावर वाळत नाही. दोन्ही थंड पाण्यात सोडायचं. काष्टिक पाण्यात, पाणी काष्टिकवर नाही. हे उलटं केलंस तर ते सरळ तोंडावर येईल.

वडील बकऱ्याची चरबी कढवून घ्यायचे. तुला स्टिअरिक ऍसिड चालेल, मेणाच्या चुऱ्यासारखं दिसतं. त्यात खोबरेल थोडंच. वजनं वेगळ्या चिठ्ठीवर दिली आहेत. काट्यावर मोज, वाटीनं नको. मोठ्या पातेल्यात पाणी उकळत ठेवून त्यावर हे भांडं ठेवायचं आणि सगळं वितळवायचं. मग काष्टिकचं पाणी बारीक धारेनं. बघता बघता घट्ट होईल, पळी उभी राहील. तिथे नवखी माणसं हात सोडतात. सोडायचा नाही. घोटत राहायचं, हात भरून आला तरी. व्हॅसलिनसारखं चकचकीत दिसलं की ग्लिसरीन घालायचं.

निवल्यावर कणभर जिभेच्या टोकाला लाव. झिणझिणलं तर काष्टिक उरलंय, परत शिजव. त्याच्या तोंडाआधी तुझी जीभ. वडील प्रत्येक घाण्याला असंच करायचे. मग महिनाभर झाकून ठेव. जितका मुरेल तितका मऊ.

हे तुझ्यासाठी लिहिलं. त्याच्यासाठी नाही.


२९ मे

बाईंना नमस्कार.

जमला. पहिला घाणा जिभेला झोंबला, तो मी परत शिजवला. महिना थांबले. परवा सकाळी वाटीत थोडा घेऊन ब्रश फिरवला. फेस इतका आला की वाटीबाहेर आला. साहेबांच्या गालाला लावला तर त्यांनी ब्रश ढकलला नाही. मग डोळ्यांतून पाणी आलं. हल्ली ते कशानंही येतं, डॉक्टर म्हणतात तो दुखण्याचा भाग आहे, तरी मला बरं वाटलं. पुरळ उठलं नाही.

आता एक विचारते. विचारू नये हे कळतं.

साहेबांच्या जबड्याखाली डाव्या बाजूला एक व्रण आहे, नखाएवढा. तिथे केस येत नाहीत. मी त्यांच्याकडे राहायला आले तेव्हा त्यांनी मला सांगितलं होतं, की बायकोनं साबणाचं काष्टिक माझ्या तोंडावर फेकलं, थोडक्यात वाचलो, म्हणून घर सोडलं. त्यांच्या आईचा साबण आणि बायकोचं काष्टिक ही दोन वेगळी घरं होती असं मी धरून चालले होते. कधी जोडून पाहिलं नाही.

पण जी बाई कुणाच्या तोंडावर काष्टिक फेकते, ती परक्या बाईला "आधी चष्मा, हातमोजे" असं लिहील का? ब्रश फिरवताना रोज तो व्रण दिसतो आणि रोज हेच मनात येतं. खरं काय ते आपण सांगितलंत तर मी कुणाला सांगणार नाही.

आपली,
टायपिस्ट


८ जून

चोराच्या उलट्या बोंबा मी पुष्कळ ऐकल्या आहेत, ही नवीन होती. पत्र टेबलावर ठेवून मी दुकानात गेले आणि दिवसभर लोकांना चुकीची सुटी नाणी परत दिली.

विचारलंस ना, आता ऐक. झेपलं नाही तर तुझं तू बघ.

रविवार होता. मुलगा सहा वर्षांचा, शेजारी खेळायला गेलेला. मी ओट्यावर काष्टिकचं पाणी करून निवत ठेवलं होतं. साबण तुझ्या साहेबांसाठीच चालला होता. तो येऊन जेवणाचं विचारायला लागला. तेव्हा मी विचारलं, की ऑफिसातली टायपिस्ट कोण, आणि ती तुझ्याबरोबर बाजारात का दिसते. भांडण तुझ्यावरून झालं, बाई. हे तुला माहीत असावं म्हणून लिहिते.

तो ओरडला नाही. तो फार रागावला की ओरडत नसे, ते तुला ठाऊक असेल. त्यानं भांडं उचललं आणि माझ्या अंगावर फेकलं. उलटा थेंब त्याच्या जबड्यावर उडाला. आणि तो लहान पोरासारखा किंचाळला.

मी काय केलं सांगू? आधी त्याचं तोंड नळाखाली धरलं. तो "पुरे" म्हणेपर्यंत धरलं. मग माझा हात. म्हणून त्याचा व्रण नखाएवढा आहे आणि माझा डाव्या कोपरापासून मानेपर्यंत. हे शहाणपण नव्हतं, सवय होती.

दवाखान्यात त्यानंच सांगितलं, हिच्या हातून सांडलं. मी मान हलवली. मुलालाही तेच सांगितलं. सहा वर्षांच्या पोराला बापाबद्दल दुसरं काय सांगायचं? तो आता बँकेत आहे, त्याचा संसार आहे, मी त्याच्याकडेच राहते. त्याला अजून तेवढंच ठाऊक आहे.

तू विचारलंस, मी सांगितलं. आता मी विचारते. तुझ्यावर कधी हात उगारला का त्यानं?


२१ ऑक्टोबर

बाईंना नमस्कार.

आपल्या पत्राला साडेचार महिने उत्तर दिलं नाही. कितीदा कागद घेऊन बसले. टायपिस्टला कागद भरायला वेळ लागत नाही, पण हा भरेना.

हो. उगारला. पुष्कळदा. आणि दर वेळी मी आपल्यालाच शिव्या दिल्या. ह्या माणसाला त्याच्या बायकोनं जाळलंय, म्हणून तो असा झालाय, असं मी स्वतःला समजवायची. माझा दात पडला तेव्हासुद्धा मी आरशासमोर उभी राहून आपल्याच नावानं बोटं मोडली होती. आता ती बोटं कुणाच्या नावानं मोडू ते कळत नाही.

आपलं पत्र आल्यानंतरही मी त्यांची दाढी करत राहिले. गेल्या आठवड्यात एका सकाळी साबण लावून झाला, मी रेझर घेतला, आणि त्यांनी हनुवटी वर केली, डोळे मिटले. इतके निवांत, की जणू हे जगच त्यांच्यासाठी रोज असं उभं राहणार आहे. माझा हात तसाच थांबला. गालावरचा फेस वाळून भेगाळला तरी थांबलेला. मला भीती वाटली ती त्यांची नाही.

मी रेझर धुऊन ठेवला आणि वन्संना फोन केला. म्हटलं, तुमचा भाऊ घेऊन जा. त्या आरडाओरडा करायला लागल्या, बायको अशी टाकून जाते का म्हणाल्या. मी म्हटलं, बायको मी नाहीच. बाईंनी घटस्फोटाच्या कागदांवर कधी सही दिली नाही, म्हणून आमचं लग्न झालं नाही. त्याचं मला इतकी वर्षं वाईट वाटायचं.

दुसऱ्या एका शहरात नोकरी करणाऱ्या मुलींच्या वसतिगृहात मला ऑफिसचं काम मिळालंय. राहायला खोली आहे. पत्ता खाली देते. कुणाला देऊ नका. मी सुटले ती आपल्यामुळे. हे उपकार मी विसरणार नाही.

आपली,
टायपिस्ट


१४ नोव्हेंबर

उपकार कसले? मी ते पत्र तुला सोडवायला लिहिलं नव्हतं. तुला पोळावं म्हणून लिहिलं होतं. उरलेला जन्म तू तो व्रण बघत दाढी करावीस, एवढीच माझी इच्छा होती. तू निघून जाशील असं माझ्या मनातही आलं नाही. मी नाही ना गेले कधी, म्हणून.

तो इथे आहे. माझ्या घरात, बाहेरच्या खोलीत, खिडकीशी.

वन्संनी (आपल्या दोघींच्याही वन्संच त्या) माझ्या मुलाला गाठलं. कागदोपत्री बायको तुझी आईच, म्हणाल्या. सही दिली नाही ती तुला सुखानं नांदता येऊ नये म्हणून. आज त्याच सहीनं मला पकडलं. मुलगा बापाला गाडीत घालून घेऊन आला. मी दारात आडवी उभी राहिले, तर म्हणाला, "आई, तुमच्या दोघांत काय असेल ते असो. तो माझा बाप आहे, आणि घर माझं आहे." चूक काहीच बोलला नाही. घर त्याचंच आहे.

तरी मी तेही गिळलं असतं. खरी गोष्ट पुढे झाली.

दुसऱ्या दिवशी सकाळी मुलगा म्हणाला, आई, तुला येते ना दाढी करायला, तूच कर. मी गरम पाणी घेऊन गेले. त्यानं मला पाहिलं, ओळखलं. डाव्या हाताचं बोट जबड्याकडे नेलं आणि मुलाकडे बघून म्हणाला, "हिनं टाकलं. माझ्यावर." जिभेला इतका वळसा पडतो पण ते तीन शब्द स्पष्ट आले.

मी म्हटलं, खोटं आहे, त्यानं माझ्यावर फेकलं. मुलगा माझ्याकडे वळला. मग म्हणाला, "पण तू तर सांगितलं होतंस, तुझ्या हातून सांडलं." मी म्हटलं, ते तुझ्यासाठी सांगितलं. तो म्हणाला, "म्हणजे तेव्हा खोटं बोललीस. मग आता कशावरून खरं?"

बँकेतला आहे. दोन सह्या जुळल्या नाहीत की तो पैसे देत नाही.

आजवर कुणापुढे हात पसरला नाही, तुझ्यापुढे पसरते. तो माणूस कसा आहे ते माझ्याशिवाय जगात एकट्या तुला ठाऊक आहे. माझ्या मुलाला एक पत्र लिही.


२ डिसेंबर

बाईंना नमस्कार.

आपल्या मुलाला आजच वेगळं पत्र टाकलं. काहीही लपवलं नाही. दाताचंही लिहिलं, डॉक्टरांचं नाव दिलं. माझ्या चेहऱ्यावर खुणा असताना ऑफिसात मी काय काय कारणं सांगायची तेही लिहिलं.

हे लिहिणं सोपं नव्हतं. इथे मी विधवा आहे असं सांगितलंय. मुली मला मावशी म्हणतात. ते पत्र कुणाच्या हाती लागलं तर हेही जाईल. पण आपण मागितलंत आणि मी नाही म्हटलं, असं मला करता येण्यासारखं नाही.

आपण मला पोळावं म्हणून लिहिलंत असं म्हणता. पोळले. पण त्यामुळेच हात काढून घेतला. हेतू आपला, हात माझा.

त्याचं काय उत्तर येतं ते कळवा.

आपली,
टायपिस्ट


२३ फेब्रुवारी

उत्तर कळवायला वेळ लागला. मधे माझं घर बदललं.

तुझं पत्र आलं तेव्हा मुलानं ते माझ्यासमोर वाचलं. मग पाकिटावरचं तुझं अक्षर बघून त्यानं विचारलं, ही तुला आधीपासून लिहिते का. मी हो म्हटलं. माझं काहीच लपवायचं नव्हतं, म्हणून कपाटातली तुझी सगळी पत्रं त्याच्यापुढे ठेवली. वाटलं, सगळं वाचेल तर सगळं कळेल. त्यानं पहिलं वाचलं, साबणाचं वाचलं, वर्षभराच्या तारखा बघितल्या. गठ्ठा नीट रचून माझ्या हातात दिला आणि म्हणाला, "दोघींनी मिळून ठरवलंय तर हे. तो पडून आहे, धड बोलता येत नाही, आणि तुम्ही दोघी पत्रं लिहून त्याचा निकाल लावताय."

मी गठ्ठा कपाटात ठेवला. माझ्याजवळ अजून एक पुरावा होता. लांब बाही वर केली असती तर दिसला असता. पण व्रण कुणी केला ते व्रणावर लिहिलेलं नसतं, आणि पोटच्या पोराला हात दाखवून भीक मागायची, हे मला जमलं नाही.

त्या आठवड्यातच मी बाहेर पडले. औषधांच्या दुकानाच्या वर मालकाची एक खोली रिकामी होती. तिसरा मजला, मोरी आणि नळ बाहेर. सून दारापर्यंत आली, तिनं डोळे पुसले, थांबवलं नाही. मुलगा म्हणाला, त्यांची दाढी कोण करणार? मी म्हटलं, तू.

गेल्या रविवारी तो आला. दार उघडलं तर एक डोळा सुजून बंद झालेला, भुवईवर टाके. मी आत घेतलं, खुर्ची दिली. तो खूप वेळ खोलीतल्या वस्तू बघत बसला. मग म्हणाला, दाढी करत होतो. पाणी जरा जास्त गरम होतं. त्यांच्या डाव्या हाताशी पितळी तांब्या होता.

एवढंच. टाके नीट आहेत का ते मी पाहिलं. चहा केला. त्यानं तो थंड होऊ दिला. मग म्हणाला, "आई, घरी चल. आम्हाला त्यांचं होत नाही." माझं खरं होतं असं तो म्हणाला नाही. चुकलो असंही म्हणाला नाही. त्याला माझी गरज होती, तेवढी त्यानं सांगितली. मी म्हटलं, नाही येणार. त्यानं परत विचारलं नाही, उठला.

मी खिडकीत उभी राहून बघितलं. तो खाली उतरला, रस्ता ओलांडला, गाडीचं दार उघडलं, आत बसला आणि बसूनच राहिला. गाडी सुरू केली नाही. दुकानाचं शटर पडलं, रस्त्यावरचे दिवे लागले, तरी तो आतच. वरून मला फक्त स्टिअरिंगवरचे त्याचे हात दिसत होते. एक हाक मारली असती तर ऐकू गेली असती, खिडकी उघडीच होती.

मी हाक मारली नाही. मारायला हवी होती का, ते मला कळत नाही. तुला मूल नाही, तुला काय विचारायचं. पण दुसरं कुणी विचारण्यासारखं उरलेलं नाही.